बातमीआधीचा कागद

माध्यमांवर सत्तेचा दबाव असतो असे म्हटले की आणीबाणीतले सेन्सॉर आठवतात, संपादकाला आलेला फोन आठवतो, अचानक बंद झालेल्या सरकारी जाहिराती आठवतात. हे सगळे खरे आहे आणि गंभीरही आहे. पण हा दबाव निदान दिसतो. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा काहीतरी दडपले जात आहे हे वाचकाला कळले. ज्या गोष्टीची मुळात कुठे नोंदच झाली नाही, तिच्यासाठी मात्र कोणतेही वर्तमानपत्र जागा कोरी सोडत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या, सहसा नजरेत न येणाऱ्या प्रकाराबद्दल आहे. बातमी छापखान्यात पोचण्याआधी ती एखाद्या कागदावर असते: पंचनाम्यात, सातबाऱ्यावर, पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत, सरकारी अहवालात. तो कागद कोण लिहितो, त्यात कोणते रकाने असतात आणि कोणते नसतात, यावर पुढची सारी सार्वजनिक चर्चा अवलंबून असते. हे समजून घेण्यासाठी उदाहरण एकच घेतले आहे: महाराष्ट्रातला शेतकरी आणि त्याच्याबद्दल दीडशे वर्षे छापले गेलेले, न छापले गेलेले शब्द.

सत्ता आणि ज्ञान यांचा संबंध

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको (१९२६–१९८४) यांनी तुरुंग, दवाखाने आणि मनोरुग्णालये यांच्या इतिहासाचा अभ्यास करून एक गोष्ट ठामपणे मांडली. ज्ञान आधी तयार होते आणि मग सत्ता ते वापरते, इतके हे सरळ नाही. माणसांची गणना करणे, त्यांची वर्गवारी लावणे, कोण शहाणा, कोण वेडा, कोण गुन्हेगार हे ठरवणे, यातूनच सत्ता चालते. आणि सत्तेच्या या रोजच्या कारभारातून जे कागद जमतात, त्यांनाच समाज ज्ञान म्हणून मान देतो.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. फुकोंच्या शंभर वर्षे आधी जोतीराव फुले यांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ (१८६९) आणि ‘गुलामगिरी’ (१८७३) या पुस्तकांतून तो आपल्या गावगाड्यातून मांडला. कुलकर्ण्याचे दप्तर, मामलेदार कचेरीतला कारकून, वकिलाने लिहिलेला अर्ज या सगळ्यांत अक्षरओळख नसलेला शेतकरी कसा अडकतो, हे त्यांनी प्रसंगांसह दाखवले. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्याच म्हणण्याला पुरावा समजले जाते, हे फुल्यांनी ओळखले होते. म्हणून विद्या नसणे हे त्यांना केवळ शिक्षणाचे मागासलेपण वाटले नाही. शूद्रातिशूद्रांच्या साऱ्या दुरवस्थेचे मूळ त्यांना तिथे दिसले.

बातमीच्या संदर्भात या विचाराचे तीन प्रश्न होतात. घटनेची नोंद कोण करतो? वार्ताहर कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो? आणि पानावर जागा कोणाला मिळते?

१८७५: शेतकऱ्यांनी कागद का जाळले?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांनी हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले, हिसकावले आणि जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. काही ठिकाणी धान्य लुटले गेले, घरांना आगी लागल्या. पण रोख कागदांवर होता, ही या उठावाची खूण सगळ्यांनी नोंदवली आहे.

त्यामागची कारणे ठोस होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. इकडच्या कापसाला भाव आला, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीत सारा अनेक ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. सारा भरायला कर्ज काढावे लागे आणि कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. त्या काळी न्यायालयात पुरावा म्हणून चाले तो हाच रोखा. शेतकऱ्यांनी जाळला तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

मग सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने साक्षी घेतल्या, आकडे जमवले आणि जाडजूड अहवाल तयार केला. सरकारच्या साऱ्याची मागणी हे या असंतोषाचे कारण आहे का, हा प्रश्नही त्याच्यापुढे होता. आयोगाचा निष्कर्ष असा, की सारा हे कारण नाही, दोष सावकारीचा. त्यानंतर १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्याने शेतकऱ्याला काही संरक्षण दिले हे खरे. पण संकटाची व्याख्या सरकारने स्वतःला वगळून केली होती आणि तीच व्याख्या दीर्घकाळ टिकली. शेतकरी व सावकार यांच्यातला झगडा अशीच ही हकिकत पुढे सांगितली जात राहिली, कारण सविस्तर, छापील आणि अधिकृत असा दस्तऐवज तोच होता.

सरकार वर्तमानपत्रे कशी वाचत होते?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. पुढच्या तीन-चार दशकांत देशी वृत्तपत्रांची संख्या वाढली, तशी सरकारला त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची गरज वाटू लागली. मुंबई इलाख्यात १८६८ पासून देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे नियमितपणे तयार होऊ लागले. सरकारी भाषांतरकार वर्तमानपत्रे वाचत, सरकारच्या दृष्टीने महत्त्वाचा मजकूर निवडत, त्याचा सारांश करत आणि तो वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे जाई.

लंडनला किंवा कलकत्त्याला ‘देशी लोकांचे मत’ म्हणून जे पोचे, ते या गाळणीतून गेलेले असे. आजही त्या काळावर संशोधन करणाऱ्यांना अनेकदा याच गोषवाऱ्यांचा आधार घ्यावा लागतो, कारण मूळ अंकांपैकी कित्येक हरवले आहेत. पाळत ठेवण्यासाठी केलेला कागद इतिहासाचे साधन झाला.

पाळतीपाठोपाठ कायदा आला. मार्च १८७८ मध्ये व्हॉइसरॉय लिटन यांच्या सरकारने देशी वृत्तपत्रांचा कायदा केला. मुद्रक-प्रकाशकाकडून जामीन घेण्याचा, छापखाना जप्त करण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिला आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. तीच टीका इंग्रजीत केली तर मतभेद आणि मराठीत केली तर चिथावणी, अशी ही विभागणी होती. पुढचे व्हॉइसरॉय रिपन यांच्या काळात हा कायदा रद्द झाला. पण १८७० मध्ये दंडविधानात घातलेले राजद्रोहाचे १२४-अ कलम कायम राहिले आणि त्याखाली लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लेखनासाठी १८९७ आणि १९०८ असे दोनदा दोषी ठरवले गेले. दुसऱ्या वेळी शिक्षा सहा वर्षांची होती.

छापखाना कोणाचा?

सरकारशी झगडणारी वृत्तपत्रे समाजातल्या सगळ्यांची होती, असे मात्र म्हणता येत नाही. शेतकरी आणि कामगार यांची बाजू मांडण्यासाठी कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. सत्यशोधक चळवळीचे हे पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवले. गिरणी कामगारांच्या सुटीचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न त्यांनी लावून धरला, तेव्हा तो इतर पत्रांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता.

आणि तरीही, आपल्या माणसांच्या पत्रालाही मर्यादा पडतात. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहायला घेतला तेव्हा त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त आले आणि पुढचे छापणे थांबले. सरकारी अधिकारी, भटशाही आणि सावकारी यांवरची त्यातली टीका तिखट होती. पत्र चालवणाऱ्यापुढे अडचणी होत्या. फुले यामुळे व्यथित झाले. १८८३ मध्ये पूर्ण झालेले हे पुस्तक त्यांच्या हयातीत छापून आले नाही. पण ते गप्प बसले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना बसवून त्यांनी त्यातला मजकूर वाचून दाखवला.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातल्या पत्रांचा आढावा घेऊन दाखवले, की त्यांतली बहुतेक विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत आणि बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत पुरेशी जागा नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला, असे धनंजय कीर यांनी आंबेडकर-चरित्रात नमूद केले आहे. परकीय सत्तेविरुद्ध तुरुंगवास पत्करणारे पत्र आपल्याच समाजातल्या सत्तेपुढे असे वागू शकते, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पत्राचे धैर्य खरे असते आणि त्याची दृष्टी मर्यादित असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या हिंदी व इंग्रजी मिळून ३७ माध्यमांतल्या ३१५ निर्णयकर्त्या पत्रकारांची सामाजिक पाहणी झाली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी पत्रकार आढळला नाही. कोणत्या घटनेला धक्कादायक म्हणायचे आणि कोणती नेहमीची म्हणून सोडून द्यायची, हा निर्णय याच खुर्च्यांवर बसून होतो.

मृत्यूची नोंद: पात्र आणि अपात्र

आता आपल्या काळाकडे येऊ. शेतकरी आत्महत्या हा शब्दप्रयोग आज प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. पण एखादा मृत्यू ‘शेतकरी आत्महत्या’ ठरण्यासाठी त्याला कोणकोणत्या कागदांतून जावे लागते, याकडे आपण फारसे पाहत नाही.

पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते. मृताचा व्यवसाय काय, हे तिथे लिहिले जाते. अशा नोंदी जिल्ह्याकडे, राज्याकडे आणि शेवटी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जातात. १९९५ पासून या विभागाच्या वार्षिक अहवालात शेतीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या दाखवल्या जाऊ लागल्या. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईचा व्यवसाय ‘गृहिणी’ असा लिहिला गेला, तर तिचा मृत्यू या तक्त्यात येत नाही. २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर असे दोन गट केले गेले आणि ‘शेतकरी’ या मथळ्याखालचा आकडा खाली आला. २०१६ ची आकडेवारी तर प्रसिद्ध व्हायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात अधिकृत आकड्यावाचून चर्चा लंगडी झाली.

दुसरी नोंद महसूल खात्याची. महाराष्ट्रात अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. घरात शेतजमीन हवी. कर्ज बँकेचे, सहकारी सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नापिकी किंवा वसुलीचा तगादा दिसायला हवा. बटईने किंवा मक्त्याने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नातलगाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेल्या कर्जाला कागद नसतो. सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलेल्या बाईला आपण शेतकरी आहोत हेच आधी सिद्ध करावे लागते.

सरकारी मदतीला निकष लागतात, हे मान्य. अडचण पुढे होते. मदतीसाठी केलेली ही वर्गवारी बातमीत सत्य म्हणून उतरते. जिल्ह्यात इतक्या आत्महत्या, त्यांपैकी इतक्या पात्र, असा मथळा वाचल्यावर उरलेले मृत्यू जणू शेतीच्या संकटाशी संबंधित नव्हतेच, असे वाटू लागते. मग दारू, घरगुती भांडण, आजार अशी कारणे पुढे येतात. त्या कारणांच्या मागे कर्ज होते का, हे विचारायला कुणी परत त्या घरी जात नाही.

२००६ च्या मार्चमध्ये मुंबईत फॅशन वीक झाला. तो टिपायला ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी अनेकदा निदर्शनास आणले आहे. तिथे सुती कपड्यांचा मोठा बोलबाला होता. विमानाने तासाभराच्या अंतरावर असलेल्या विदर्भात त्याच दिवसांत कापूस उत्पादक मरत होते आणि तिकडे फिरणारे बाहेरचे पत्रकार मोजकेच होते. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले आणि मग मात्र कॅमेऱ्यांची रीघ लागली. पंतप्रधान आले म्हणून गाव बातमीत आले. सत्तेची पावले जिकडे वळतात तिकडे बातमी वळते.

दर महिन्याला कोणता आकडा येतो?

ज्ञानाच्या सत्तेचा सर्वांत शांत मार्ग म्हणजे वेळापत्रक. किरकोळ महागाईचा आकडा सरकार दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जाहीर करते. त्या दिवशी प्रत्येक वृत्तवाहिनीला, प्रत्येक दैनिकाला बातमी तयार मिळते. कांदा महागला की तो आकडा हलतो आणि शहरी ग्राहकाचे हाल पहिल्या पानावर येतात.

शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नाचे काय? त्याची देशव्यापी पाहणी २००३, २०१२–१३ आणि २०१८–१९ या वर्षांसाठी झाली. सोळा वर्षांत तीन वेळा. शेवटच्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचे ४,०६३ रुपये होते आणि पिकांचे ३,७९८. शेतकरी म्हणवणारे घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगते, ही किती मोठी बातमी आहे! पण ती एक-दोन दिवस आली आणि गेली, कारण पुढच्या महिन्यात तिचा पाठपुरावा करायला नवा आकडाच नव्हता.

बाजार समित्यांचे भाव रोज नोंदले जातात आणि छापूनही येतात. मात्र त्या भावाशेजारी उत्पादन खर्चाचा रकाना नसतो. म्हणून लासलगावला कांदा क्विंटलमागे किती रुपयांना गेला हे कळते. तो पिकवायला किती लागले, हे कळत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. शहरी वाचकापुढे हा निर्णय भाव आवाक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून आला. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो हातातोंडाशी आलेला घास काढून घेण्यासारखा होता. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, पण राष्ट्रीय पातळीवर एकीच्या हाती दरमहा येणारा आकडा होता आणि दुसरीच्या हाती मोर्चा.

यात जाहिरातीचाही भाग आहे. अमेरिकेतील एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की यांनी १९८८ मध्ये माध्यमांवरच्या ज्या पाच गाळण्या सांगितल्या, त्यांतल्या पहिल्या दोन मालकी आणि जाहिरात या आहेत. वर्तमानपत्राचा खर्च विक्रीच्या किमतीतून निघत नाही, जाहिरातीतून निघतो. जाहिरातदाराला खरेदी करू शकणारा वाचक हवा असतो. म्हणून ग्राहकाचा त्रास मुख्य अंकात येतो आणि उत्पादकाचा त्रास जिल्ह्याच्या पुरवणीत.

वार्ताहर कचेरीत का जातो?

यात वार्ताहराला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. तालुक्याच्या वार्ताहराला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. तहसीलदार, ठाणेदार, कृषी अधिकारी यांच्याकडे छापील माहिती तयार असते, नावानिशी प्रतिक्रिया मिळते आणि उद्या कुणी खुलासा मागितला तर अंगावर येत नाही. शेतमजुराने सांगितलेली गोष्ट मात्र दोन-तीन ठिकाणी पडताळावी लागते, त्यासाठी प्रवास करावा लागतो आणि त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. अनेक वार्ताहरांना तर मानधनापेक्षा जाहिरात गोळा केल्यावर मिळणाऱ्या कमिशनवर गुजराण करावी लागते. ज्यांच्याविरुद्ध लिहायचे, त्यांच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायची, अशी ही कोंडी आहे.

ब्रिटनमध्ये स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये गुन्हेगारीच्या बातम्यांचा अभ्यास करून हीच प्रक्रिया दाखवली. पोलीस, न्यायाधीश, मंत्री यांना प्रश्नाची पहिली व्याख्या करण्याची संधी मिळते. बाकीच्यांना मग त्या व्याख्येच्या चौकटीतच उत्तर द्यावे लागते. दुष्काळ म्हणजे ‘पावसाची तूट’ असे अधिकाऱ्याने आधी सांगितले, की धरणातले पाणी कोणत्या पिकाला आणि कोणत्या गावाला गेले, हा प्रश्न विषयांतर ठरतो.

जाहिरात बातमीचे रूप घेते तेव्हा

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एका नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवले. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न त्यानंतर देशभर गाजला. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने नावांसह ७१ पानांचा अहवाल दिला. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्याऐवजी संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल जाहीर व्हायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश यावा लागला. इतरांचे कागद उघडे करणाऱ्या पेशाला स्वतःचा कागद उघडा करणे इतके जड गेले.

आपला हिशेब आपण मांडणे

सत्तेने केलेल्या नोंदीला उत्तर द्यायचे तर दुसरी, अधिक काटेकोर नोंद करावी लागते. महाराष्ट्रात हे घडले आहे.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करू लागले. त्यांच्या शेतकरी संघटनेची पहिली शिकवण उत्पादन खर्च मांडण्याची होती. बियाणे, खत, पाणी, घरच्या माणसांची मजुरी हे सगळे वहीत लिहायला लागल्यावर शेतकऱ्यांना स्वतःच्या दारिद्र्याचे गणित दिसले. १९८० च्या कांदा आंदोलनात ‘शेतीमालाला रास्त भाव’ ही मागणी घोषणेइतकीच हिशेबाच्या बळावर उभी राहिली. शहरी वर्तमानपत्रांना तो हिशेब खोडता येईना, म्हणून छापावा लागला. जोशींच्या सगळ्या आर्थिक मतांशी सहमत नसणाऱ्यांनीही त्यांचे हे काम मानले पाहिजे.

विदर्भात किशोर तिवारी यांच्या विदर्भ जनआंदोलन समितीने आत्महत्यांची स्वतःची यादी ठेवली आणि ती नित्यनेमाने पत्रकारांकडे पाठवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये या मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. यादी, अभ्यास आणि न्यायालय यांच्या रेट्यामुळे सरकारला बोलणे भाग पडले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात मजुरांची हजेरीपत्रके गावासमोर वाचून दाखवली. त्या जनसुनावण्यांतून माहितीच्या हक्काची मागणी देशभर गेली. महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधी केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला.

तो हक्क आज आकसतो आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातल्या एका कलमात बदल केला. वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देता येईल, ही तरतूद त्या कलमातून गेली. लाभार्थ्यांची यादी, अधिकाऱ्यांची मालमत्ता अशी माहिती नाकारणे त्यामुळे सोपे होईल. पत्रकारांनी याविरुद्ध आवाज उठवला आहे. वाचकांनीही त्यांच्या बाजूने उभे राहायला हवे.

मोबाइलने काय बदलले?

मोबाइलमुळे शेतकऱ्याला स्वतः बोलता आले, हा मोठा फायदा आहे. गारपिटीने झोपलेल्या द्राक्षबागेचे चित्रीकरण तासाभरात राज्यभर पोचते. पण चित्रफीत एका बांधावरची असते आणि भरपाई पंचनाम्यावर ठरते. शिवाय काय दिसावे हे ठरवणारी यंत्रणा आता खासगी कंपन्यांच्या ताब्यात आहे आणि तिचे निकष कोणत्याही ग्रामसभेत मागता येत नाहीत. आवाज वाढला आहे. नोंदीचा प्रश्न सुटलेला नाही.

वाचकाने काय विचारावे?

पुढच्या वेळी शेतीची, किंबहुना कुठलीही महत्त्वाची बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत.

१. हा आकडा कोणी मोजला आणि मोजताना कोणाला वगळले?

२. बातमीत बोलणाऱ्यांपैकी अधिकारपदावर किती आणि भोगणारे किती?

३. प्रश्नाची व्याख्या पहिल्यांदा कोणी केली? ती वेगळी केली असती तर दोष कोणाकडे गेला असता?

४. या बातमीचा खर्च कोण उचलत आहे?

उत्तर मिळाले नाही, तर तिथे थांबू नये. संपादकाला पत्र लिहावे. माहिती अधिकारात अर्ज करावा. ग्रामसभेत विषय मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. शेत कसणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर लागावे म्हणून तलाठ्याकडे खेटे घालावे लागले तरी घालावेत. आणि गावात खरोखर फिरून लिहिणारा वार्ताहर असेल, तर त्याचे पत्र विकत घेऊन वाचावे, त्याच्यावर दबाव आला तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. ज्यांची नोंद होत नाही त्यांची बातमी होत नाही, आणि ज्यांची बातमी होत नाही त्यांच्यासाठी धोरण होत नाही. म्हणून नोंदीसाठी भांडणे हे लोकशाहीतले पहिले काम आहे आणि ते आपल्या प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.